शेठ, ही वेबसाइट तुमच्यासाठी नाही

तासगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटार वायंडिंगचं एक दुकान आहे. पत्र्याची शेड, बाहेर ओळीनं मांडलेल्या पाण्याच्या मोटारी, आत वार्निशचा वास. मार्चचा शेवटचा आठवडा होता, म्हणजे या धंद्याचा ऐन हंगाम. दुकानाच्या फळीवर बसून मी तिथल्या मिस्त्रींना त्यांच्याच मोबाइलवर एक वेबसाइट उघडायला सांगितली. पंप बनवणाऱ्या एका कंपनीची ती वेबसाइट. नवी करण्याचं काम आमच्याकडे आलं होतं आणि जुनीचं नेमकं दुखणं काय, ते मला डोळ्यांनी पाहायचं होतं. मिस्त्रींच्या पुढ्यात त्याच कंपनीचा साडेसात एचपीचा मोनोब्लॉक खोलून पडला होता. मेकॅनिकल सील गेलं होतं. या मॉडेलला कुठल्या नंबरचं सील बसतं आणि ते जवळपास कुठे मिळेल, एवढंच त्यांना हवं होतं.

फोनची काच कोपऱ्यात तडकलेली, अंगठ्याला ग्रीस. आधी उगवत्या सूर्याचं भलंमोठं चित्र आलं. ते सरकलं आणि सुटाबुटातले दोन गोरे हात एकमेकांत आले. मग पृथ्वीचा गोल, मग संस्थापकांचा हार घातलेला फोटो, मग करंडकांचं कपाट. त्याखाली कंपनीची दृष्टी आणि कंपनीचं ध्येय, सगळं इंग्रजीत. मेनूच्या ओळी इतक्या चिकटून होत्या की अंगठा एकीवर ठेवला तर दुसरीच उघडे. तिसऱ्या खेपेला 'ॲग्री सोल्युशन्स' सापडलं, मग पंपांची मालिका, मग ब्रोशर. ब्रोशरची पीडीएफ उतरेपर्यंत मिस्त्रींचे दोन बोल्ट काढून झाले. ब्रोशरमध्ये पंपाचा चकचकीत फोटो होता. सीलचा नंबर नव्हता. शेवटी एक फॉर्म आला, नऊ रकान्यांचा: कंपनीचं नाव, हुद्दा, ईमेल आणि बाकीचं. ईमेल मिस्त्रींच्या पोरानं काढून दिला होता आणि त्याचा पासवर्ड पोराकडेच होता.

अकरा मिनिटं गेली. मग त्यांनी फोन पँटला पुसला, पंपाच्या नेमप्लेटचा आणि फुटक्या सीलचा फोटो काढला आणि सांगलीतल्या स्पेअर पार्टच्या दुकानदाराला व्हॉट्सॲपवर टाकला. चार मिनिटांत नंबर आला, भाव आला आणि 'गाडीवर टाकू का?' असा प्रश्नही आला.

"ह्यात माझ्या कामाचं काय न्हाई बघा, ताई," असं म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला.

या सगळ्याचं चित्रीकरण मी त्यांच्या परवानगीनं केलं होतं. आठवड्यानं ते कंपनीच्या बैठकीत दाखवलं. मालक होते, त्यांचे चिरंजीव होते, मार्केटिंगचे प्रमुख होते. चित्रीकरण संपल्यावर मार्केटिंगचे प्रमुख म्हणाले, "मॅडम, पण हा आपला टार्गेट ऑडियन्स नाही." मालकांनी मान डोलावली. त्यानंतरचे पावणेदोन तास निळ्या रंगाच्या छटेवर गेले.

मला त्या दिवशी आलेला राग अजून उतरलेला नाही. हा लेख त्या रागानंच लिहिते आहे.

पश्चिम महाराष्ट्रात विहिरीवर पंप बसवायचा झाला की शेतकरी आधी कोणाला विचारतो? वायंडिंगवाल्याला. "मिस्त्री, कुठला घेऊ?" त्या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस हाच आहे. कुठल्या कंपनीचं बेअरिंग टिकतं, कुणाचे पार्ट वेळेवर मिळतात, हे त्याला हातानं ठाऊक असतं. कंपनीचा विकणारा हात तोच आणि बैठकीत तो 'आपला' नाही. मग वेबसाइट कुणासाठी? उघड आहे. मालकांच्या व्याह्यांसाठी, रोटरीतल्या मित्रांसाठी, प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्यासाठी. ज्याच्या हाताला ग्रीस लागलंय तो सोडून बाकी सगळ्यांसाठी.

मी पुण्यात अठरा वर्षं हे काम करते. वेबसाइटची रचना, ॲपची रचना, आणि त्याला हल्ली लावतात ते भारदस्त नाव म्हणजे 'युजर एक्सपीरियन्स कन्सल्टिंग'. भोसरीचे कारखानदार, नाशिकचे द्राक्ष निर्यातदार, सहकारी बँका, दवाखाने, शिकवणी वर्ग, बांधकाम व्यावसायिक असे सगळ्या जातीचे ग्राहक पाहिले. आणि जबाबदारीनं सांगते: या नावाखाली आपल्याकडे जे विकलं जातं त्यातलं बहुतेक मालकाचं स्तुतिपठण आहे. युजर त्यात नाही, त्याचा एक्सपीरियन्सही नाही. हे पाप एकट्या मालकांचं नाही. आधी ते आमचं आहे.

कसं, ते सांगते. आमच्या कोटेशनची पहिली ओळ असते वापरणाऱ्यांच्या भेटी आणि चाचण्या. वाटाघाट सुरू झाली की सगळ्यात आधी तीच ओळ उडते. "आमचे ग्राहक आम्हाला ठाऊक आहेत, तीस वर्षं धंदा करतोय. ते काढा आणि रेट कमी करा." आणि आम्ही काढतो. काम हातचं जाऊ नये म्हणून काढतो, आणि तरीही बिलावर 'युजर एक्सपीरियन्स' हेच शब्द छापतो. रक्त न तपासता रक्ताचा रिपोर्ट देणाऱ्या लॅबला आपण काय म्हणू? तेच आम्हाला म्हणा.

'युजर एक्सपीरियन्स' हा शब्द रूढ केला डोनाल्ड नॉर्मन यांनी. १९९३ मध्ये ते ॲपल कंपनीत गेले आणि आपल्या हुद्द्यातच हे शब्द घातले. पडद्यावरची चित्रं आणि बटणं एवढ्यापुरतं हे काम नाही, वस्तूचा आकार, ती हाताळणं, तिच्यासोबत येणारं माहितीपुस्तक, सगळं त्यात येतं, म्हणून त्यांना मोठा शब्द हवा होता. आपल्याकडे तो शब्द आला आणि आकसून आकसून निळ्या छटेवर येऊन थांबला.

तसंच 'पर्सोना'चं. ॲलन कूपर यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात हे तंत्र मांडलं. खऱ्या माणसांना भेटायचं, त्यांची कामं, अडचणी, सवयी टिपायच्या आणि त्यातून एक-दोन नमुन्याची माणसं उभी करायची, म्हणजे रचना करताना कोणासाठी करतोय त्याचा विसर पडत नाही. आमच्या धंद्यात काय होतं? वातानुकूलित खोलीत दुपारच्या जेवणाआधी तीन पर्सोना पाडले जातात. राहुल, वय ३२, मुंबई, कॉफी आवडते, प्रवासाची हौस. शेजारी विकतचा हसरा फोटो. या राहुलला कोणी भेटलेलं नाही, कारण तो जन्मालाच आलेला नाही. वायंडिंगवाले मिस्त्री जन्माला आलेत, त्यांच्या दुकानाला दार आहे, आत बसायला फळी आहे. तिथे जायला पुण्याहून एक दिवस लागतो. तो एक दिवस कोणी देत नाही.

मी त्या पंपवाल्या शेठना बैठकीत विचारलं होतं, "साहेब, तुमच्याकडे गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, चांगलासा पंप द्या, तर तुम्ही देता का?" म्हणाले, "कसा देणार? हेड किती, पाणी किती लागणार, पाइप कुठला, हे कळल्याशिवाय पंप कसा काढू?" मी म्हटलं, मग वेबसाइट कशी काढताय? विहीर न पाहता? ते क्षणभर गप्प झाले आणि मग चिरंजीवांकडे वळून म्हणाले, "त्या दुबईच्या कंपनीचं ते सरकणारं चित्र दाखव जरा मॅडमना."

या सरकत्या चित्रांविषयी एकदा स्पष्ट बोलायलाच हवं, कारण प्रत्येक ग्राहकाला ती हवी असतात. अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठात तिथल्याच वेब विभागातल्या माणसानं, एरिक रुनयन यांनी, २०१३ मध्ये मोजणी करून आकडे प्रसिद्ध केले. मुखपृष्ठावरच्या सरकत्या चित्रांवर टिचकी मारणारे जेमतेम एक टक्का. आणि त्या एक टक्क्यातलेही बहुतेक सगळे पहिल्याच चित्रावर. दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं चित्र जवळजवळ कोणासाठीच नव्हतं. ही गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. तरी आम्ही ती चित्रं लावून देतो, कारण एका मुखपृष्ठावर पाच विभागप्रमुखांचे पाच हट्ट बसवायचे असतात. कंपनीतलं भांडण मिटतं. त्याचा भुर्दंड मिस्त्रींच्या डेटा पॅकवर पडतो.

चाचणी म्हटलं की ग्राहकाला वाटतं लाखोंचं काम, सहा महिन्यांचा घोळ. हेही खोटं आहे आणि हे खोटंही आमच्यातल्याच बड्या सल्लागारांनी पसरवलेलं आहे. याकोब निल्सन आणि टॉमस लँडॉअर यांनी १९९३ मध्येच हिशेब मांडून ठेवला आहे. एक माणूस वापरायला बसला की रचनेतल्या साधारण ३१ टक्के अडचणी उघड्या पडतात. पाच माणसं बसवली की ८५ टक्क्यांच्या आसपास पोचता. पाच माणसं, एक टेबल, एक दिवस. पाच पुरतात की पंधरा लागतात यावर जाणकारांत वाद आहे आणि तो असू दे. शून्य पुरतात, असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. आणि आपल्याकडचा चालू आकडा शून्य आहे.

ज्यांना पैशाचीच भाषा कळते त्यांच्यासाठी जेरेड स्पूल यांनी २००९ मध्ये लिहिलेलं उदाहरण आहे. अमेरिकेतलं एक मोठं ऑनलाइन दुकान. गिऱ्हाईक टोपलीत माल भरून पैसे द्यायला निघालं की मध्ये एक छोटा फॉर्म यायचा: ईमेल, पासवर्ड, आत या किंवा नोंदणी करा. करणाऱ्यांना वाटलं, नेहमीच्या गिऱ्हाइकांची सोय होईल. माणसं समोर बसवली तेव्हा कळलं की नवं गिऱ्हाईक तिथंच चिडतंय, आणि जुनं पासवर्ड विसरून अडकतंय. दुकानानं नोंदणीचं बटण काढलं, 'पुढे चला' असं बटण ठेवलं आणि खाली लिहिलं की खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही. खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले आणि पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलरची जादा विक्री झाली. हा तिढा कुठल्या बैठकीत सुटला नाही. माणसं वापरताना पाहिली तेव्हा सुटला.

आपल्याकडचं एक सांगते. एका नागरी सहकारी बँकेनं मुदत ठेवीचा ऑनलाइन अर्ज सुरू केला होता. अर्ज अर्ध्यावर सोडणारे इतके की बँकेला वाटलं, आपले खातेदार अडाणी. त्या बँकेच्या एका शाखेत, मागच्या खोलीत, आम्ही पाच खातेदारांना एकेक करून बसवलं. पहिले आले निवृत्त शिक्षक. पहिला रकाना होता 'फर्स्ट नेम'. त्यांनी आडनाव भरलं. मग 'मिडल नेम'मध्ये स्वतःचं नाव, 'लास्ट नेम'मध्ये वडिलांचं. का भरणार नाहीत? महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं. शाळेच्या हजेरीपटापासून मतदार यादी आणि सोसायटीच्या पाटीपर्यंत कितीतरी ठिकाणी आपलं नाव असंच वाचतो आणि लिहितो. सरांनी सदतीस वर्षं मुलांची नावं त्याच क्रमानं पुकारली होती. पॅन कार्डावर मात्र क्रम वेगळा. संगणकानं दोन्ही ताडून पाहिलं आणि लाल अक्षरांत इंग्रजीत कळवलं की नाव जुळत नाही. काय जुळत नाही, का जुळत नाही, काय करायचं, काही नाही.

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा तेच भरलं, पुन्हा तेच उत्तर आलं. मग माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "माझंच काहीतरी चुकतंय."

त्यांच्यानंतर आलेल्या चौघांतल्या दोघांचं तिथंच अडलं. त्यातल्या एक बाई, लग्नाआधीच्या नावाचं पॅन आणि लग्नानंतरच्या नावाचं खातं. त्याही म्हणाल्या, "मला जमत नाही हे." आयुष्यभर घरखर्चाचा पैन् पैचा हिशेब ठेवलेली बाई, आणि एका रकान्यानं तिला ती निर्बुद्ध आहे असं पटवलं.

हे वाक्य मी अठरा वर्षांत शेकडो वेळा ऐकलं आहे. 'माझंच चुकतंय.' नॉर्मन यांच्या १९८८ च्या पुस्तकाचा मोठा भाग याच वाक्यावर आहे: दार ढकलायचं की ओढायचं हे कळलं नाही तर चूक दाराची, माणसाची नाही. ज्याच्या पोटात हे वाक्य ऐकून कालवत नाही त्यानं हा धंदा करू नये. दुसरा कुठलाही करावा.

त्या बँकेच्या पदरात माप टाकायला हवं. तिथल्या अधिकारी बाई दिवसभर खोलीच्या कोपऱ्यात बसून पाहत होत्या. संध्याकाळी त्यांनी दुसरा कुठलाही प्रश्न न विचारता तीन रकाने काढून एक ठेवायला सांगितला: 'पॅन कार्डावर आहे तसं पूर्ण नाव', शेजारी कार्डाचं छोटं चित्र आणि नाव कुठे असतं ते दाखवणारी चौकट. अर्ध्या दिवसाचं काम होतं. या दुरुस्तीला कन्सल्टंट लागत नव्हता. एका अधिकाऱ्यानं एक दिवस कोपऱ्यात बसणं लागत होतं.

आता यापेक्षा वाईट गोष्टीकडे येते. वर सांगितलं ते अज्ञान होतं, हट्ट होता. पण ज्यांना माणूस कुठे अडतो, कुठे चुकतो, कुठे थकून 'हो' म्हणतो हे नीट कळतं, ते या ज्ञानाचं काय करतात? ते ते विकतात. तिकिटाच्या रकमेत गुपचूप विम्याचे पैसे मिळवतात. शेवटच्या पानावर 'सुविधा शुल्क' उगवतं. सभासद व्हायला एक टिचकी, सोडायला सात पानं आणि एक फोन. 'फक्त दोन खोल्या शिल्लक' अशी घाई, जी उद्याही तशीच असते. 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असं माणसाच्या तोंडी घालून त्याला लाजवणारं बटण. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये या प्रकारांना 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं. मी त्यांना फसवी रचना म्हणते. आपल्या देशात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याखाली मार्गदर्शक सूचना काढून अशा तेरा प्रकारांना मनाई केली आहे. वर लिहिलेले सगळे त्या तेरांत बसतात.

हे प्रकार यंत्र करत नाही. कुणीतरी बसून आखतं, रंग ठरवतं, अक्षराचा आकार ठरवतं. माझ्या धंद्यातली माणसं हे करतात. मी स्वतः केलं आहे. बारा वर्षांपूर्वी एका ग्राहकासाठी मी 'पुढे चला' हे बटण ठसठशीत हिरवं आणि 'विमा नको' हे शब्द पांढऱ्यावर फिकट राखाडी, बारीक अक्षरांत आखले होते. ग्राहकानं तसं सांगितलं होतं आणि मी तसं केलं. वाचता येऊ नये अशा बेतानंच ती राखाडी निवडली होती. पुढच्या तिमाहीत विमा घेणारे वाढले म्हणून ग्राहकानं आमच्या कंपनीला पेढे पाठवले. ते किती जणांच्या खिशातून आले होते हे मला ठाऊक आहे. तेव्हापासून असं काम आलं की मी परत पाठवते, आणि परत का पाठवलं ते लेखी कळवते.

अक्षर वाचता येण्यासाठी मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किती फरक हवा याचं जागतिक मोजमाप ठरलेलं आहे: साध्या आकाराच्या अक्षराला किमान साडेचारास एक. ते मोजायची फुकट साधनं आहेत, दहा सेकंद लागतात. तरी 'प्रीमियम लुक'च्या नावाखाली फिकट राखाडी अक्षरांची साथ चालूच आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांची तर मोजदादच नको. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ पासून आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींच्या आणि एका दृष्टिहीन वकिलाच्या याचिकांवर निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं. ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पापणी लववा असं ॲप सांगत होतं, आणि ज्यांचे डोळेच हल्ल्यात गेले ती माणसं खातं उघडू शकत नव्हती. ज्या खोलीत ही पापणीची अट ठरली त्या खोलीत अशी एक व्यक्ती बसली असती तर हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावं लागलं नसतं.

आणि मराठी. जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख, ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं अभिजात दर्जा दिला, आपण पेढे वाटले. आता एखाद्या मराठी उद्योजकाच्या वेबसाइटवर कोपऱ्यातलं 'मराठी' दाबून पाहा. बहुतेक ठिकाणी काहीच होत नाही, कारण तिथे ते नसतंच. असतं तिथे यंत्रानं केलेलं भाषांतर असतं, जे प्रसिद्ध करण्याआधी एकाही मराठी माणसानं वाचलेलं नसतं. 'बुक नाऊ'चं 'आता पुस्तक'. अर्ज करायच्या बटणावर 'लागू करा'. खात्यातल्या शिलकेला 'संतुलन'. शिल्लक हा शब्द आपल्या आज्ज्यांच्या तोंडी होता, जमाखर्चाच्या वहीत होता. तो शब्द काढून तिथे संतुलन घालणाऱ्याला या भाषेत धंदा करायचा अधिकार नाही.

शब्द बरोबर असले तरी अक्षरं मोडतात. रोमन अक्षरांसाठी आखलेल्या पानात देवनागरी कोंबली की ओळींमधलं अंतर कमी पडतं आणि वेलांट्या, रफार, अनुस्वार वरच्या ओळीत घुसतात किंवा छाटले जातात. इंग्रजी शीर्षकात अक्षरं विरळ करायची फॅशन आहे. तीच आज्ञा मराठीला लावली की शिरोरेषा तुटते, प्रत्येक अक्षर स्वतंत्र फळकुटासारखं लटकतं. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत एकेका शीर्षकाची अक्षरं अशी घडवली की नाटकाचा स्वभाव त्यात दिसावा. त्याच मुंबई-पुण्यातली आजची रचनाकार मंडळी तुटकी शिरोरेषा डोळ्यांसमोर असून पाहू शकत नाहीत, कारण त्यांनी नमुना इंग्रजीत मंजूर करून घेतलेला असतो आणि मराठी शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी ओतलेली असते.

हे सगळं परदेशातून शिकायचं आहे असं कोणी समजू नये. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलं आणि १९५८ मध्ये त्यांनी इथल्या रचनाशिक्षणाविषयी अहवाल दिला. भारतात त्यांनी पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांनी सर्वाधिक वाखाणला तो लोटा, म्हणजे आपला तांब्या. किती पाणी मावावं, हात केवढा असतो, कमरेवर की डोक्यावर नेतात, भरलेला असताना तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का, असे प्रश्न त्यांनी ओळीनं मांडले. कुणा एकानं तो आखलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरणाऱ्या हातांनी तो घडवला, हे त्यांनी ओळखलं. त्या अहवालातून अहमदाबादची राष्ट्रीय रचना संस्था उभी राहिली, १९६९ मध्ये पवईला आयआयटीत औद्योगिक रचना केंद्र निघालं. सहा दशकांहून जुनी परंपरा आहे ही. आणि आपण दुबईच्या कंपनीचं सरकतं चित्र मागतो.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना सांगणं आहे: कोटेशनमधली वापरणाऱ्यांच्या भेटींची ओळ कापली गेली तर 'युजर एक्सपीरियन्स' हे शब्दही कापा. 'वेबसाइट सजावट' लिहा, तेवढेच पैसे घ्या. निदान बिल खरं होईल. पंपवाल्यांचं काम आम्ही अशाच मुद्द्यावर सोडलं. नुकसान झालं, दोन माणसांचे पगार दोन महिने उशिरा झाले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सोडीन.

आणि मालक मंडळींना विनंती. ती ओळ खोडू नका, आणि त्या दिवशी स्वतः या. गाडी लांब लावा, फळीवर बसा, समोरच्याच्या हातात त्याचाच फोन द्या आणि तुमच्या कंपनीचं एक काम त्याला करायला सांगा. तो अडला की तुमच्या ओठांवर येईल, 'अहो, ते वर उजवीकडे बघा ना.' ते बोलू नका. बोट दाखवू नका, फोन हातात घेऊ नका. अकरा मिनिटं गप्प बसून पाहा.